तिसरे उत्तर

होळीनंतरच्या पहिल्या शुक्रवारी दुपारी सव्वातीनच्या सुमारास, शिरपूरच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका पाड्यावर, मिशनच्या घराच्या उंबऱ्यात एक्क्याऐंशी वर्षांच्या एका कॅथलिक धर्मगुरूंचा उजवा हात कुऱ्हाडीच्या दांड्याने मोडण्यात आला. त्यानंतर दहा मिनिटांच्या आत त्याच घरातल्या स्वयंपाकिणीला शंभर पावलांवरच्या मोहाच्या झाडाखाली दगडांनी आणि काठ्यांनी मारण्यात आले. रविवारी ती धुळ्याच्या रुग्णालयात मरण पावली. शुक्रवारी मी तिथे होतो.

मी तेव्हा जळगावच्या एका दैनिकात रविवारची पुरवणी पाहत होतो. म्हाताऱ्या फादरांची ओळख त्या पुरवणीमुळे झाली. ते मूळचे वसईचे. रोममध्ये शिकले, सव्वीस वर्षे धर्मगुरू घडवणाऱ्या एका सेमिनरीत नीतिशास्त्र शिकवले. पुढे अभ्यासक्रम बदलला. नव्या प्राध्यापकांचे म्हणणे असे की, कुठलेही कृत्य एकटे तपासता येत नाही. करणाऱ्याचा हेतू, त्याची परिस्थिती आणि होणारा परिणाम हे सगळे तराजूत घालूनच ते पाप आहे की नाही ते ठरते. फादर याच्या विरोधात लिहीत राहिले. ख्रिस्तसभेची, म्हणजे चर्चची, जुनी शिकवण त्यांच्या मते स्पष्ट होती. काही कृत्ये स्वभावतःच वाईट असतात. कितीही चांगल्या हेतूने आणि कितीही चांगल्या परिणामासाठी ती करता येत नाहीत. निरपराध माणसाला मारणे हे त्यातले एक. खोटे बोलणे हे दुसरे. विद्यार्थ्यांनी तक्रार केली, विषय त्यांच्याकडून काढून घेण्यात आला. सत्तराव्या वर्षी त्यांनी स्वतःहून पायथ्याचे मिशन मागून घेतले.

ते आमच्याकडे दोन महिन्यांतून एखादा लेख पाठवत. अक्षर छापल्यासारखे. एकदा मी त्यांच्या एका वाक्यातले ‘कधीही नाही’ काढून ‘सहसा नाही’ असे केले. वाचकाला जरा मऊ वाटावे एवढाच उद्देश होता. चौथ्या दिवशी फादर शिरपूर, चोपडा असे एस.टी. बदलत जळगावला कार्यालयात आले. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता.

“हे तुम्ही केलंत?”

“हो. अर्थ फारसा बदलत नाही, फादर.”

“सगळाच बदलतो. ‘सहसा’ म्हटलं की प्रत्येक जण स्वतःला अपवादात बसवतो.”

दुरुस्ती छापायला गेली तेव्हाच ते परत गेले. नंतर मी धुळे किंवा शिरपूरकडे गेलो की मिशनवर जाऊ लागलो.

मिशनवर दुसरे एक फादर होते. संगमनेरकडचे, चाळिशीच्या आतले, युरोपात शिकून आलेले. म्हाताऱ्या फादरांचा ज्या विचाराला विरोध होता तोच विचार ते शिकून आले होते. दोघांचे वाद जेवणाच्या टेबलावर होत. मी तीन-चार ऐकले आहेत.

“फादर, तुमच्या नियमात माणूस बसतो कुठे?” धाकटे विचारत.

“नियम माणसासाठीच आहे. म्हणून तर तो त्याच्या सोयीने वाकवायचा नाही.”

“कॅन्सरचा पेशंट डॉक्टरला विचारतो, मी वाचेन का. डॉक्टरने काय म्हणायचं?”

“खरं सांगता येत नसेल तर गप्प बसायचं.”

“गप्प बसला तर पेशंटला कळतंच की.”

“कळलं तर कळलं. डॉक्टर खोटं बोलला नाही.”

“पेशंट त्याच रात्री खचून गेला तरी?”

“तू नेहमी पेशंट मारतोस. वर्गातही तुझ्यासारखी मुलं होती. प्रश्न कठीण झाला की एक मढं आणून ठेवायची.”

दोघेही हसत. स्वयंपाकीण भाकरी आणून वाढत असे. ती पन्नाशीची विधवा होती. तिची मुलगी धुळ्यात नर्सिंग शिकत होती. बाईला दोघांचा वाद समजत नसे, पण कोण कसे बोलतो हे तिला नेमके ठाऊक होते. एकदा डाळ खारट झाली होती. धाकट्या फादरांनी छान झाली आहे म्हणून सांगितले. ती म्हाताऱ्याकडे वळली.

“बाबा, कशी व्हयनी?”

“मीठ फार झालं.”

ती पदर तोंडावर घेऊन हसली. “हाऊ फादर बठ्ठं गोडच सांगस. याना भरवसावर रांधं तर बठ्ठासले मारी टाकसू.” धाकटे फादरही हसले आणि त्यांनी आणखी डाळ वाढून घेतली.

पाड्यावर म्हाताऱ्या फादरांच्या शब्दाला जी किंमत होती ती एका दिवसात आलेली नव्हती. मिशनच्या कुत्र्याने कुणाची शेळी मारली, तर शेळीवाला यायच्या आधी तेच त्याच्या अंगणात जाऊन सांगत. पाड्यात भांडण झाले आणि दोन्ही बाजू आपलेच म्हणणे धरून बसल्या, की ज्याच्यावर संशय असेल त्याने ज्वारीचे दाणे मुठीत धरून शपथ घ्यायची, असा रिवाज होता. दाणे घेऊन खोटे बोलणाऱ्याचे घर बसते, अशी समजूत. फादर साक्षीला असले तर त्यांच्या हातात कोणी दाणे देत नसे.

एकदा दारूबंदी खात्याची माणसे मिशनवर आली. मोहाची दारू कोण गाळतो ते त्यांना हवे होते. धाकट्यांनी आपल्याला माहीत नसल्याचे सांगितले. म्हातारे म्हणाले, “मला माहीत आहे. सांगणार नाही.” दुसऱ्या दिवशी पूर्ण पाड्यावर धाड पडली. सगळ्या घरांतली मडकी फुटली, तिघांना काठीने फोडून गाडीत घातले. त्यातल्या एकाचा कानाचा पडदा फाटला. सुटून आल्यावर तो मिशनच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, “बाबा, नही सांगस म्हणीसन बी तू सांगी टाकं.” फादरांनी त्याला आत घेऊन कानात औषध घातले. त्याची माफी मात्र मागितली नाही.

तेव्हापासून पाड्यावर हे पक्के झाले होते. या माणसाची उत्तरे तीनच. हो, नाही, आणि सांगणार नाही. तिसऱ्याचा अर्थ काय होतो हे सगळ्यांना कळत होते.

होळीच्या आधीच्या आठवड्यात स्वयंपाकिणीच्या दिराची सून बाळंत झाली. सहाव्या दिवशी ती गेली. पाठोपाठ बाळ गेले. म्हातारे फादर तिला पाहून आले होते, रक्त थांबत नाही, दवाखान्यात न्या, असे सांगून आले होते. नेले नाही. होळीच्या दुसऱ्या दिवशी दिराने भगत बसवला. भगताने पाण्यात दाणे टाकले आणि घरातलीच एक डाकीण आहे असे सांगितले. नाव दिराने विचारले. भगताने मिशनवर रांधणाऱ्या भावजयीचे नाव घेतले.

गुरुवारी सकाळी तिच्या झोपडीची कुडाची भिंत पाडण्यात आली. तिला बांधून समोर मिरच्यांचा धूर केला. कबूल कर म्हणून डाव्या तळपायाला जळते लाकूड लावले. केस धरून खेचताना टाळूची कातडी दोन ठिकाणी निघाली. दुपारी पहाऱ्यावरचे लोक दारू प्यायला गेले तेव्हा ती नाल्यातून रांगत मिशनवर आली. हे सगळे तिने दोन्ही फादरांना सांगितले. शुक्रवारी सकाळी मी पोचलो तेव्हा मलाही सांगितले. मी लिहून घेतले. माझ्या वहीच्या त्या पानावर तिचा अंगठा आहे.

ती स्वयंपाकघरामागच्या धान्याच्या खोलीत होती. पायाला ओला कपडा गुंडाळला होता. तिला धुळ्याला मुलीकडे पोचवायचे आणि पोलिसांत तिथून जायचे ठरले. मिशनची जीप शिरपूरला दुरुस्तीला गेली होती, ती चार वाजता यायची होती. मी मोटारसायकलवर नेतो म्हणालो. धाकटे म्हणाले, रस्ता पाड्यातूनच जातो, उघड्या गाडीवर ती दिसेल, जीपला ताडपत्री आहे. त्यांचे म्हणणे बरोबर होते. आम्ही जीपची वाट पाहत थांबलो.

तीन वाजता अंगणात माणसे आली. मी पंचवीसपर्यंत मोजली. मागे आणखी होती. दोघांकडे कुऱ्हाडी, बाकीच्यांकडे काठ्या. पुढे दीर होता. भगत मागे मोहाच्या झाडापाशी थांबला. पाड्याचा पोलीस पाटील धावत आला आणि मधे उभा राहिला.

धाकटे फादर पायरीवर गेले.

“ती इथे नाही. सकाळच्या एस.टी.ने धुळ्याला गेली, पोरीकडे.”

“कोणती एस.टी.?” दीर म्हणाला. “आज गाडी उनीच नही.”

मागून कोणीतरी हसले. “हाऊ फादर खारी डाळले बी गोड सांगस.”

मग दिराने मला विचारले. “पेपरवाला, तू सांग.”

मी म्हणालो, “मी आत्ताच आलो. मी कोणी बाई पाहिली नाही.”

“तुन्ही गाडी सकाळपाशी उभी शे,” तो म्हणाला. “म्हाताराले बोलाव.”

बोलवायची गरज पडली नाही. म्हातारे फादर काठी टेकत बाहेर आले. त्यांनी एका हाताने लाकडी खुर्ची ओढत आणली, ती उंबऱ्यावर आडवी ठेवली आणि तिच्यावर बसले. अंगणातला आवाज थांबला.

“बाबा,” दीर म्हणाला, “दाणा आणेल शेतस. पण तुले दाणा नको. तू नुसतं सांग. ती आठे शे का नही?”

“तुझी सून रक्त जाऊन मेली. मी तिला पाहिलं होतं, तुला सांगितलं होतं. डाकीण वगैरे काही नसतं.”

“ते नको. शे का नही?”

“सांगणार नाही.”

पुढच्या ओळीतल्या एकदोघांनी एकमेकांकडे पाहिले. पोलीस पाटील वळला आणि त्याने फादरांचे गुडघे धरले. तो दिराशी नव्हे, फादरांशी बोलत होता.

“बाबा, नही म्हण ना. एक डाव म्हण. या निंघी जातीन. तुन्हा शबदवर निंघी जातीन.”

दीर म्हणाला, “हां. तू नही म्हण, आम्ही निंघी जासूत.”

धाकटे फादर खुर्चीमागे वाकले. मी शेजारीच होतो. ते हळू आवाजात म्हणाले, “फादर, ती सकाळी विहिरीकडे गेली होती. खरंच गेली होती. तेवढंच सांगा. ते खोटं नाही.”

“खोटंच आहे ते. धुतलेले कपडे घातलेलं.”

“फादर, ते तिला मारतील.”

“माहीत आहे.” मग ते अंगणाकडे पाहून मोठ्याने म्हणाले, “आत जायचं असेल तर माझ्यावरून जावं लागेल.”

पाटलाने दिराला छातीवर हात लावून अडवले. दुसऱ्यांदाही अडवले. तिसऱ्यांदा त्याच्या कानशिलावर काठी बसली आणि तो खाली बसला.

मिशनवर मोबाइलला रेंज फक्त घराशेजारच्या, सुट्टीमुळे रिकाम्या वसतिगृहाच्या गच्चीवर येत असे. मी घराच्या कडेने तिकडे धावलो. जिन्यात होतो तेव्हा खुर्ची मोडल्याचा आवाज आला. गच्चीवर पोचलो तेव्हा फादर उंबऱ्यात आडवे होते, पालथे, दोन्ही हातांनी चौकट धरून. त्यांना पायाला धरून ओढत होते. चौकट सुटत नव्हती म्हणून एकाने कुऱ्हाड उलटी करून दांडा उजव्या हातावर मारला. दोनदा. दुसऱ्या वेळी हात कोपराखाली वाकडा झाला. डावा हात सुटला नाही. मग पाठीवर आणि बरगड्यांवर लाथा बसल्या. धाकटे फादर त्यांच्या अंगावर पडले. त्यांच्या डोक्यात काठी बसली, रक्त म्हाताऱ्याच्या पांढऱ्या झग्यावर पडले. फोन लागला. मी पत्ता सांगितला. पोलीस ठाणे बावीस किलोमीटरवर होते.

घराचे मागचे दार उघडलेले मी वरून पाहिले. ती बाहेर आली. डावा पाय टेकवत नव्हती. भिंतीला धरून घराला वळसा घालून ती अंगणात आली. ती काय म्हणाली ते मला ऐकू आले नाही. धाकट्या फादरांनी ऐकले. ती म्हणाली, “मी आठे शे. त्या म्हाताराले सोडी द्या.”

त्यांनी सोडले.

तिला मोहाच्या झाडापर्यंत ओढत नेले. झाडाखाली फुलांचा सडा होता, सकाळी वेचायला कोणी आलेले नव्हते. पहिला दगड भगताने मारला. तो तिच्या तोंडावर लागला. मी गच्चीवरून हे पाहिले. मधे काही नव्हते. धाकटे फादर तोवर उठून झाडाच्या निम्म्या वाटेवर पोचले होते, त्यांनीही पाहिले. नंतर काठ्या सुरू झाल्या. ती पहिल्या मिनिटाला ओरडत होती. नंतर ओरडली नाही. मारणारे थकून बाजूला होत आणि दुसरे पुढे येत. एकाने काठी मोडली म्हणून घराकडे येऊन फादरांची काठी उचलून नेली. तीन वाजून चाळीस मिनिटांनी ते पाड्याकडे परतले. कोणी पळाले नाही. चार वाजून दहा मिनिटांनी जीप आली. पोलीस साडेचारला.

बाईला आणि म्हाताऱ्या फादरांना जीपमध्ये घालून धुळ्याला नेले. बाईच्या कवटीला तीन ठिकाणी भेग होती, एक डोळा फुटला होता, दोन्ही हातांची मिळून सात बोटे मोडली होती. फादरांचा हात, चार बरगड्या. ते शुद्धीवर होते. जीपमध्ये ते तिच्या कपाळावर डाव्या हाताने क्रूस काढत होते. ती ख्रिस्ती नव्हती.

रात्री मी धुळ्याच्या एका लॉजमधून बातमी सांगितली. जळगावच्या डेस्कवरच्या वृत्तसंपादकाने सगळे ऐकून घेतले.

“म्हणजे म्हातारा एकदा नाही म्हणाला असता तर बाई जगली असती?”

“ते म्हणत होते जाऊ.”

“मग तीच बातमी. वर घे.”

मी ती वर घेतली. बातमीत धाकटे फादर काय म्हणाले ते लिहिले. मी काय म्हणालो ते लिहिले नाही.

बाई रविवारी सकाळी अकरा वाजता गेली. मुलगी तेव्हा तिच्यापाशी होती. पंचनामा आणि शवविच्छेदन होऊन प्रेत ताब्यात मिळेपर्यंत संध्याकाळ झाली. मधल्या वेळात मुलगी पुरुषांच्या वॉर्डात फादरांच्या खाटेपाशी आली. तिच्या अंगावर नर्सिंगचा पांढरा गणवेश होता. आम्ही दोघे तिथे होतो. धाकट्यांनी तिला स्टूल दिले. ती बसली नाही.

“फादर, एक विचारू?”

“विचार.”

“तुम्ही नाही म्हणाला असता तर ते खरंच गेले असते?”

“हो. बहुतेक गेले असते.”

“मग?”

“मला मार खाता येत होता. ते म्हणता येत नव्हतं.”

“मार माझ्या आईनेपण खाल्ला. तिला कोणी विचारलं नाही, काय येतं आणि काय येत नाही.”

“खरं आहे.”

“तुमचा देव तुम्हाला एक खोटं माफ करणार नव्हता?”

“माफ केलं असतं.”

“मग का नाही बोललात?”

“माफ होईल म्हणून करायचं नसतं.”

तिने पायाशी पडलेली चादर उचलून त्यांच्या अंगावर घातली आणि बाहेर गेली. धाकटे फादर तिच्यामागे गेले. जिन्यात तिने त्यांना विचारले, “आणि तुमच्यावर कोणी विश्वास का नाही ठेवला?” हे त्यांनीच मला नंतर सांगितले.

पोलिसांनी चौदा जणांना अटक केली. त्यात दीर होता, भगत होता. पाड्यावर महिन्याभराने पंच बसले. मारणाऱ्यांची घरे आणि मेलेल्या बाईच्या सासरची उरलेली माणसे समोरासमोर बसली, बोकड कापला, भांडण तुटले, म्हणजे कायमचे मिटले, असे ठरले. एकदा तुटले की त्याबद्दल कोर्टात बोलायचे नाही, हा तिथला रिवाज. मुलीला बोलावण्यात आले नव्हते. खटला उभा राहिला तेव्हा पाड्यावरचे सगळे साक्षीदार फिरले. पोलीस पाटलाने आपल्याला काठी लागलीच नव्हती, आपण पडलो होतो, असे सांगितले. उरलो आम्ही तिघे.

साक्षीच्या आदल्या दिवशी सरकारी वकिलांनी धुळ्यात आपल्या ऑफिसात आम्हाला बोलावले. फादर व्हीलचेअरवर होते. वकिलांनी त्यांच्यापुढे चौदा जणांची यादी ठेवली.

“नऊ जणांना मी ओळखतो,” फादर म्हणाले. “दारात होते. त्यातल्या तिघांना मी लिहायला शिकवलं.”

“आणि भगत?”

“त्याला पाहिलं नाही. आधी समोर गर्दी होती, मग मी पालथा पडलो होतो.”

“फादर, तो तिथे होता, हे अख्ख्या गावाला माहीत आहे. तुम्हालाही माहीत आहे.”

“माहीत आहे.”

“मग तेवढंच म्हणायचं. ‘झाडापाशी उभा होता.’ चार शब्दसुद्धा नाहीत.”

“पाहिला नाही.”

वकिलांनी पेन टेबलावर आपटले. “तुमच्यामुळे एक बाई गेली. आता तिला मारायला सांगणारा सुटेल. कसलं हे पाळता तुम्ही?”

धाकटे फादर मधे पडले. “साहेब, भगताबद्दल मी सांगतो. मी पाहिलं आहे. यांनीही पाहिलं आहे.” त्यांनी माझ्याकडे बोट केले.

कोर्टात फादरांची साक्ष अडीच तास चालली. त्यांनी नऊ जणांकडे एकेक करून डावा हात केला आणि कोणी काय केले ते क्रमाने सांगितले. दीर मान खाली घालून होता. उरलेल्या पाच जणांबद्दल ते प्रत्येक वेळी “पाहिलं नाही” म्हणाले. मुलगी शेवटच्या बाकावर बसली होती. बचाव पक्षाचे वकील उठले.

“तुम्ही ‘ती इथे नाही’ म्हणाला असता तर जमाव परत गेला असता, हे खरं?”

सरकारी वकिलांनी हरकत घेतली. न्यायाधीशांनी प्रश्न राहू दिला.

“हो. बहुधा.”

“म्हणजे ती वाचली असती.”

“त्या दिवशी वाचली असती.”

“मग तिच्या मरणाला तुम्ही जबाबदार नाही?”

“तिला कोणी मारलं ते मी सांगितलं आहे. माझं मला जिथे द्यायचं तिथे द्यावं लागेल. ते इथे नाही.”

“आज तुम्ही या कोर्टात खरंच सांगताय, हे आम्ही का मानायचं?”

उत्तराची वाट न पाहता वकील खाली बसले. तो प्रश्न विचारायला नको होता, असे त्यांनीच नंतर बार रूममध्ये सांगितल्याचे मला कळले.

दुसऱ्या दिवशी धाकट्या फादरांची उलटतपासणी झाली, तिसऱ्या दिवशी माझी. दोघांनाही एकच प्रश्न पहिला आला.

“घटनेच्या दिवशी ती बाई घरात असताना तुम्ही जमावाला काय सांगितलंत?”

मी सांगितले.

“म्हणजे खोटं सांगितलंत.”

“हो.”

“चांगल्या हेतूने?”

“हो.”

“आज भगताला शिक्षा व्हावी हाही तुम्हाला चांगलाच हेतू वाटतो?”

मी हो म्हणालो. मग त्यांनी माझी बातमी काढली आणि त्यात माझे ते वाक्य कुठे आहे ते दाखवायला सांगितले. ते नव्हते.

निकाल पावसाळ्यानंतर लागला. जखमी साक्षीदार असलेल्या म्हाताऱ्या फादरांची साक्ष नैसर्गिक, सुसंगत आणि स्वतःच्या विरुद्ध जाणारे भागही न लपवणारी आहे, असे न्यायालयाने म्हटले. तेवढ्या एका साक्षीवर, बाईला मारायला जमलेल्या जमावातले म्हणून, नऊ जणांना जन्मठेप झाली. उरलेल्या पाच जणांविरुद्ध फक्त आम्हा दोघांची साक्ष होती. आम्ही प्रसंगी असत्य बोललो हे आम्हीच मान्य केले आहे आणि दुसरा कोणताही आधार नसताना आमच्या ओळख पटवण्यावर विसंबता येत नाही, असे निकालपत्रात लिहिले आहे. पाचही जण सुटले. त्यात भगत होता. तो कोर्टाच्या पायऱ्या उतरत असताना मुलीने चप्पल काढून त्याच्या तोंडावर मारली. दोन महिला पोलिसांनी तिला धरले. चप्पल लागून त्याचा ओठ फाटला. त्याने तक्रार दिली नाही.

फादर व्हीलचेअरवरून हे पाहत होते. मुलगी त्यांच्यासमोरून गेली तेव्हा ते म्हणाले, “मी त्याला पाहिलं असतं तर सांगितलं असतं.” ती थांबली आणि म्हणाली, “तुम्ही पालथे होता, फादर. ते मला माहीत आहे.” मग ती धाकट्या फादरांकडे वळली. “तुम्ही उभे होता.”

धाकट्या फादरांनी पुढच्या महिन्यात बदली मागितली. बिशपांनी ती दिली नाही. ते अजून त्याच मिशनवर आहेत. भगत पाड्यावर परत आला आहे. धाकटे फादर सांगतात की तो रस्त्यात भेटला की त्यांना नमस्कार करतो.

म्हातारे फादर निकालानंतर सात महिन्यांनी वारले. त्यांची साक्ष चौतीस पानांची आहे.

मुलीने नर्सिंग पूर्ण केले. ती धुळे जिल्ह्यातच नोकरी करते. पाच जणांच्या सुटकेविरुद्ध तिने स्वतःच्या नावाने उच्च न्यायालयाच्या खंडपीठात अपील केले आहे. धाकटे फादर आणि मी त्या दिवशी बाईला वाचवण्यासाठी असत्य बोललो, त्यामुळे शपथेवर दिलेली आमची साक्ष अविश्वसनीय ठरत नाही, हा त्या अपिलातला पहिला मुद्दा आहे. अपील दाखल करून घेण्यात आले आहे. सुनावणीची तारीख अजून लागलेली नाही.